तीन नंबर वॉर्डाचं पाणी

पीएचडीसाठी परदेशात गेले ती लोकांचे हात मोजायला. हसू नका, कामच तसं होतं. एका सरकारी प्रसूती रुग्णालयाच्या तीन नंबर वॉर्डात स्टुलावर बसायचं आणि कोण किती वेळा हात धुतं ते तक्त्यात टिपायचं. तिथली भाषा मला मोडकीतोडकी येत होती. ती सुधारली वॉर्डातल्या सफाईवाल्या बाईंनी. मी काही चुकीचं बोलले की त्या आधी पोट धरून हसायच्या, मग दुरुस्त करायच्या. मी त्यांना मावशी म्हणायला लागले.

रुग्णालयाच्या प्रमुख डॉक्टरला सगळे पाठीमागे ‘इस्त्री’ म्हणत. त्याच्या कोटाला कधी चुणी पडली नाही, चेहऱ्यालाही नाही.

दुसऱ्या महिन्यात वॉर्डातल्या चार बाळांना जंतुसंसर्ग झाला. एक दगावलं. इस्त्रीने माझे तक्ते मागितले. “नुसते बघतो,” म्हणाला. नियमाने द्यायचे नव्हते, पण त्याच्याच परवानगीवर मी तिथे बसत होते. दिले. तक्त्यात नावं नव्हती. पण ‘सफाई कामगार, तीन नंबर’ एकच होती, आणि तिच्यापुढे दहापैकी सहा वेळा ‘हात धुतले नाहीत’ असं माझ्या अक्षरात होतं. नळाला पाणी होतं का, होतं तर कसं, हा रकाना मी आखलाच नव्हता.

बाळाच्या मृत्यूचं खापर मावशींवर फुटलं. त्यांना काढून टाकलं. बाळाची आई फाटकात त्यांच्या तोंडावर थुंकली. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा त्यांनी दार अर्धंच उघडलं.

“मावशी, मला असं काही—”

“कागद तुझा होता की नाही?”

“होता.”

“मग मावशी म्हणू नकोस. हात बघितलेस माझे. पाणी बघितलंस?”

नव्हतं बघितलं. दुसऱ्या दिवशी मी तपासणीच्या बारा बाटल्या भरल्या: वॉर्डातून, स्वयंपाकघरातून, इस्त्रीच्या खोलीतल्या बेसिनमधूनसुद्धा. पाण्यात मैल्यातले जंतू असले की या बाटलीतलं पाणी दोन दिवसांत काळं पडतं. बाराही काळ्या झाल्या. तुलनेसाठी विकतच्या सीलबंद पाण्याने भरलेल्या आणखी दोन तेवढ्या स्वच्छ राहिल्या.

मी पुन्हा ते दार वाजवलं आणि एक काळी बाटली पुढे धरली. त्यांनी ती उजेडात फिरवून पाहिली.

“टाकी,” त्या म्हणाल्या. “अकरा वर्षांत वर चढलेला माणूस मी पाहिला नाही.”

“मला इस्त्रीला सगळ्यांसमोर खाली पाडायचंय.”

“खाली कशाला? वर चढव.”

माझ्या गाइडांना फोन केला. ते म्हणाले, “आकडे दे, ठिकाण सांगू नकोस. पाहुण्यांनी यजमानाची भांडी तपासायची नसतात.” मी हो म्हटलं आणि प्रत्येक बाटलीवर ठळक अक्षरात ठिकाण लिहिलं.

संशोधनाच्या अहवालाची बैठक भरली. आरोग्य खात्याच्या अधिकारी बाई आल्या होत्या, सगळा कर्मचारीवर्ग होता. इस्त्री बोलला, “निष्काळजी व्यक्तीला आम्ही तातडीने दूर केलं.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझी पाळी आली तेव्हा मी बाटल्या टेबलावर मांडल्या आणि काळं पाणी म्हणजे काय ते सांगितलं. त्याच्या बेसिनची त्याच्यासमोर ठेवली.

“बाटल्याच खराब असतील,” तो म्हणाला.

“मग या दोन का नाहीत?”

अधिकारी बाईंनी टाकीचं रजिस्टर मागवलं. दर तीन महिन्यांनी ‘टाकी धुतली’ आणि खाली इस्त्रीची सही. शेवटची मागच्याच महिन्यातली.

“चला, बघू,” बाई उठल्या.

गच्चीत मावशी आधीच उभ्या होत्या. पहारेकऱ्याने त्यांना अडवलं नव्हतं. त्याची सून बाळंतपणासाठी त्याच वॉर्डात होती. टाकीच्या झाकणाचं कुलूप गंजून एकजीव झालं होतं. किल्ली फिरेना. हातोडीने तोडावं लागलं. झाकण उघडताच नर्स नाकाला रुमाल लावून मागे सरकल्या. आत घोट्याएवढा गाळ आणि पारव्यांची पिसं.

इस्त्री शिडीपाशी थबकला.

“चढा साहेब,” मावशी म्हणाल्या. “वाकून बघा. माझे हात बघितलेत तसं, नीट.”

तो चढला. कोटाला शेवाळ लागलं. मला इतकं बरं वाटलं की मी ते आजही लपवत नाही.

चौकशी झाली. त्याला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका कचेरीत बिनकामाच्या खुर्चीवर बसवलं. मावशींना परत घेतलं. माझी परवानगी रद्द झाली, तोवरचं सगळं काम वाया गेलं आणि गाइडांनी माझ्यापासून हात झटकले.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मावशी मला घेऊन त्या बाळाच्या आईकडे गेल्या. “बोल,” म्हणाल्या. मी सगळं सांगितलं, माझ्या तक्त्यासकट. त्या बाईने ऐकून घेतलं. रडली नाही.

“तो आता कुठे असतो?”

मावशींनी घडी केलेला कागद काढला. त्यावर त्याच्या घरचा पत्ता होता. त्या बाईने तो वाचला, केस बांधले, पायात चपला घातल्या.

“मी येते बरोबर,” मावशी म्हणाल्या.

त्यांना थांबवावं असं मला वाटलं नाही. मी रस्ता ओलांडून रिकामी टॅक्सी थांबवली आणि दार उघडून धरलं.