राखाडी पट्टी

मित्रांनो, काळ माझ्या मुठीत आहे. भल्याभल्यांना जो बांधता आला नाही, तो मी बांधून दाखवला. सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा, मधली जेवणाची सुट्टी वगळून.

मी एक जुनी कालपट्टी आहे. संगणकाच्या पडद्याच्या तळाशी राहते. उंची दोन बोटं.

पुस्तकं छापणाऱ्या एका कचेरीत संगणकाच्या पडद्यावर काय कुठे दिसावं, याची आखणी करणारी एक ताई होती. घरी गेली की तिची आई विचारायची, "दिवसभर काय केलंस गं?" आणि ताईला काही म्हणजे काही आठवायचं नाही. आपला दिवस आपल्याला एका नजरेत दिसावा, म्हणून तिने मला आखलं. आधी सतरा रंग दिले. शेजारचा टंकलेखक म्हणाला, "ही पट्टी आहे की वाढदिवसाची सजावट?" ताईने निमूटपणे चौदा रंग पुसले. कळफलक चालू असेल तर मी निळी. पडद्यावर बैठक असेल तर पिवळी. पाच मिनिटं कशालाच हात लागला नाही, तर राखाडी. राखाडीखाली तिने बारीक अक्षरांत लिहिलं, 'काम नाही'. मग कचेरीतल्या सगळ्यांच्याच संगणकांवर मला बसवलं.

तिथे भाऊ होते, मुद्रितशोधक. छपाईआधी चुका पकडणारे. ते कागदावर वाचत, हातात लाल पेन घेऊन. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं आणि ते याच खुर्चीत काढायचं, एवढीच त्यांची इच्छा होती.

"ताई, हे राखाडी काय गं?"

"तेव्हा तुम्ही काही करत नव्हता, भाऊ."

"तेव्हा मी वाचत होतो."

ताई ओशाळली. "दोनच शब्द आहेत. पुढच्या वेळी नक्की बदलते."

पुढची वेळ यायच्या आत ती दुसऱ्या नोकरीवर गेली. ते दोन शब्द माझ्या अंगावर राहिले ते राहिलेच.

मग मी साहेबांना आवडले. ते म्हणाले, "वा, कसं स्वच्छ दिसतं." आणि सगळ्यांच्या पट्ट्या त्यांनी आपल्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लावल्या. सगळ्या निळ्या. मधोमध भाऊंची, पावसाळी आभाळासारखी.

"भाऊ, महिनाभरात रंग सुधारा. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

भाऊंनी आपलं काचेचं पेपरवेट उचललं आणि कळफलकावरच्या खालच्या बाणाच्या कळीवर ठेवलं. मी निळीशार झाले. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले, आणि माझं पहिलं कौतुक झालं ते त्याच दिवशी.

एकदा भाऊंना ताप होता. ते दिवसभर टेबलावर डोकं टेकून पडले होते, पेपरवेट आपलं काम करत होतं. संध्याकाळी साहेब येऊन म्हणाले, "भाऊ, हा तुमचा आजवरचा सर्वोत्तम दिवस."

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. शाळेच्या पुस्तकाची दोनशे पानं भाऊंनी एका बैठकीत वाचली, त्रेचाळीस चुका काढल्या, आणि वाचण्याच्या नादात पेपरवेट ठेवायचं विसरले. सहा वाजता टेबलावर ताकीद आली. भाऊंनी ती वाचली. सवयीने तिच्यातल्या दोन चुका लाल केल्या. मग चष्म्याचं घर खिशात टाकलं, पेपरवेट कळीवर नीट ठेवलं आणि निघून गेले.

आज अकरावा दिवस. ते गेल्याचं कुणाच्या लक्षात आलेलं नाही, कारण मी निळी आहे. काल साहेब भिंतीकडे बघून म्हणाले, "भाऊंकडून शिका." त्या दोनशे पानांचा गठ्ठा टेबलावर तसाच आहे. पुस्तक मात्र छापायला गेलं, त्रेचाळीस चुकांसकट.

मित्रांनो, मला वाटलं होतं, मी माणसाला त्याचा दिवस परत देईन. मी फक्त त्याचे हात मोजले. कुठे राखाडी दिसली, तर पट्टीकडे बघू नका, त्या माणसाला विचारा. पण मला ठाऊक आहे, कुणी विचारणार नाही. म्हणून मोठं काही मागत नाही.

त्या बाजूने जाणार असाल, तर तेवढं पेपरवेट उचला. बाणाची कळ दुखतेय म्हणते.