नकाराचा हक्क

वॉल्ट कोझलिक स्वतः दारात उभा दिसला, तेव्हाच रेनिटाला कळलं की काहीतरी बिनसलंय. तिचा नवरा रॉस्को टिलरी नऊ वर्षं सेंट लुईसच्या बास्केटबॉल संघाकडून खेळत होता आणि वॉल्ट त्या संघाचा कारभारी. कुणाला घ्यायचं, कुणाला काढायचं, कुणाला किती द्यायचं, सगळं त्याच्या हातात. नऊ वर्षांत या घराची पायरी तो कधी चढला नव्हता. आणि आज, ज्या दिवशी दुपारी दोनला खेळाडूंच्या अदलाबदलीचं दार अख्ख्या हंगामापुरतं बंद होतं, नेमक्या त्याच दिवशी सकाळी गडी हातात केकचा खोका घेऊन हजर.

"केक आणलाय म्हणजे कुणीतरी गेलेलं दिसतंय," रेनिटा म्हणाली आणि दारातून बाजूला झाली.

वॉल्टने बूट पायपुसण्यावर घासले. बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर टाकलेलं मीठ त्याच्या तळव्यांना चिकटून आलं होतं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तो सरळ मुद्द्यावर आला, एवढं मात्र त्याच्या बाजूने म्हणायला हवं.

"रॉस्को, टुसॉनच्या संघाशी बोलणं झालंय. त्यांचा तो उंच गडी, ओमारी विल्क्स, आपल्याला मिळतोय. बदल्यात त्यांना तू हवायस."

"मी?" रॉस्कोला हसू आलं. त्याला चौतिसावं लागलं होतं आणि डावा गुडघा बर्फाच्या पिशवीवर टेकवल्याशिवाय त्याचा दिवस सुरू होत नसे. आताही ती पिशवी गुडघ्यावरच होती. "वाळवंटात मी काय करणार, वॉल्ट? निवडुंग राखू?"

"खोटं कशाला बोलू, त्यांना तू नकोच आहेस. तुझा पगार हवाय. उन्हाळ्यात संपणारा, म्हणजे पुढच्या वर्षी त्यांची तेवढी जागा मोकळी."

आता या खेळाचे नियम कुठल्या शहाण्याने केले ते देवालाच ठाऊक. पगारावर किती खर्च करायचा याची प्रत्येक संघाला एक रेषा आखून दिलेली. ती ओलांडली की दंड. तिच्या वर आणखी एक रेषा, ती ओलांडली की मालकाच्या खिशात कितीही पैसा असो, हात बांधलेले. सेंट लुईसचा संघ या वरच्या रेषेच्याही वर बसला होता. म्हणजे दोघांचे पगार जोडून एक मोठा गडी आणायची सोय नाही. एकाला द्यायचं, एकाला घ्यायचं, आणि येणाऱ्याचा पगार जाणाऱ्यापेक्षा एका डॉलरनेही जास्त चालायचा नाही. ज्याचा पगार मापात बसेल तो जाणार. त्याचा खेळ कसा आहे, त्याला पोरंबाळं किती आहेत, हे कुणी विचारत नाही.

पण रॉस्कोचं घोडं वेगळ्याच ठिकाणी अडत होतं. त्याचा करार एका वर्षाचा होता आणि संघात तो जुना होता. जुन्या खेळाडूला त्याचा स्वतःचा संघ रेषेच्या वर जाऊनही नवा करार देऊ शकतो, बाकी कुणाला ती मुभा नाही. मधेच दुसरीकडे धाडलं तर ही मुभा बुडते. म्हणून अशा खेळाडूला नियमानेच एक गोष्ट दिली आहे: तो नाही म्हणू शकतो. त्याच्या सहीशिवाय त्याला हलवता येत नाही. पंधरा जणांच्या संघात हा हक्क एकट्या रॉस्कोकडे होता.

आणि तो एका वर्षाचा करार त्याने हौसेने केला नव्हता. गेल्या जुलैत दुसरा एक संघ त्याला तीन वर्षांचा घसघशीत करार द्यायला तयार होता. तेव्हा वॉल्टने त्याला गाडी धुवायच्या ठिकाणी बोलावलं. गाडी पट्ट्यावरून आत सरकत होती, काचांवर साबण ओघळत होता, फिरत्या ब्रशांचा धडधडाट चालला होता आणि वॉल्ट म्हणाला होता, "यंदा कमी घे, एकच वर्ष घे. म्हणजे मायका ईझली राहतो." मायका म्हणजे संघाचा हिरा, बावीस वर्षांचा. "पुढच्या उन्हाळ्यात तीन वर्षांचा करार तुझा. हे लिहून देता येत नाही, तुला माहीत आहे. लिहिणं सोड, बोलणंसुद्धा गुन्हा आहे. मी बोललोच नाही, तू ऐकलंच नाहीस." आणि त्याने हात पुढे केला. रॉस्कोने तो धरला.

रेनिटा त्या दिवशी भडकली होती. "साबणाच्या फेसात दिलेला शब्द! गाडीबरोबर धुवून निघाला नाही म्हणजे मिळवली."

आत्ता ती केक कापायला सुरी शोधत राहिली, सुरी समोरच होती.

"वॉल्ट," रॉस्को म्हणाला, "मी सही केली तर तुमच्या त्या जुलैतल्या शब्दाचं काय?"

वॉल्टने मान खाली घातली. "तुला माहीत आहे काय ते. मुभा गेली की मी तुला किमान पगारापलीकडे काही देऊ शकत नाही. नियम आहे."

"मग माझं उत्तर नाही."

"तुझा हक्क आहे."

"आहेच."

"चला, उठा आता," रेनिटा म्हणाली. "केक राहू द्या, मुलं खातील."

पण वॉल्ट उठला नाही. बशी थोडी पुढे सारली, परत मागे ओढली. "मालक ऐकणार नाहीत, रॉस्को. मायकाने स्पष्ट सांगितलंय, उंच गडी आणला नाही तर तो पुढच्या वर्षी इथे नाही. विल्क्स येणार म्हणजे येणार. मापात बसणारा तू नाहीस, तर दुसरा एकच आहे."

रॉस्कोने विचारलं नाही. पंधरा जणांचे पगार तिथे सगळ्यांना पाठ असतात. त्याने मनातल्या मनात हिशेब केला आणि बर्फाची पिशवी गुडघ्यावरून काढून टेबलावर ठेवली.

"डोरियन," तो म्हणाला.

"डोरियन. त्याला नाही म्हणता येत नाही."

डोरियन फिच सव्वीस वर्षांचा, बडबड्या, कपडे बदलायच्या खोलीत रॉस्कोच्या शेजारच्या कपाटाचा मालक. त्याची बायको केला तीन आठवड्यांपासून शहरातल्याच दवाखान्यात पडून होती. पोटातलं बाळ अजून सहा महिन्यांचंही नव्हतं आणि डॉक्टरांनी तिला कुशीवर वळायलासुद्धा विचारून वळ असं बजावलं होतं. तिला विमानात घालायचा प्रश्नच नव्हता. नवऱ्याला मात्र अठ्ठेचाळीस तासांत टुसॉनला हजर व्हावं लागलं असतं.

"वॉल्ट, तुम्हाला लाज वाटत नाही?" रेनिटाने विचारलं. आवाज चढवला नाही.

"वाटते," वॉल्ट म्हणाला. "पण माझ्या लाजेने पगार जुळत नाहीत, रेनिटा. मी डोरियनला सांगण्याआधी इथे आलो. तेवढंच माझ्या हातात होतं." आणि त्याने दुमडलेला कागद केकच्या खोक्याशेजारी ठेवला. "एक वाजेपर्यंत कळव."

तो गेल्यावर रेनिटा नवऱ्याच्या समोर बसली. "हे बघ. हा तुझा शेवटचा मोठा करार आहे. हा गेला की गुडघ्याकडे बघून कुणी दारात उभं करणार नाही. आणि तो माणूस तुला असं कोंडीत पकडतोय आणि वर केक आणतोय. माझं ऐकशील? तू नऊ वर्षं दिलीस. आता नाही म्हण आणि झोप जाऊन."

"झोप लागेल?"

"मला लागेल," ती म्हणाली, आणि दोघांनाही माहीत होतं की लागणार नाही.

साडेदहाला तो सरावाच्या जागी गेला. डोरियन मालिशच्या टेबलावर पालथा पडून फोन बघत होता. त्याला काही कल्पना नव्हती, हे त्याच्या तोंडावरूनच दिसत होतं.

"या म्हातारबा! आज उशीर? मला वाटलं तुला विकलं की काय."

"मला कोण घेतंय रे."

"तेही खरंच. भंगारवाला सोडला तर कोण घेणार." डोरियन उठून बसला. "हे बघ, काल रात्रीचं चित्र." फोनवर काळ्या-राखाडी धुक्यात काहीतरी वाकडं दिसत होतं. "हे नाक. माझं नाही, नशीब. मुलगी आहे. केला म्हणते, ही निदान एप्रिलपर्यंत आत राहायला हवी. मी रोज सरावानंतर जातो, पोटाला तोंड लावून सांगतो, बाई गं, घाई करू नकोस, बाहेर काही ठेवलेलं नाही."

"ऐकते का?"

"माझा आवाज ऐकला की हलायची थांबते. नर्स म्हणते, योगायोग आहे. असू दे. पण मी एक दिवस गेलो नाही तर केला रात्रभर जागी असते, हे काही योगायोग नाही." त्याचा बडबड्या आवाज मधेच बसला. "मला भीती वाटते रे रॉस्को. कोर्टवर कधी वाटली नाही एवढी."

रॉस्कोने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढून घेतला. या पोराचा त्याला राग आला, खरंच आला. तुझ्या बायकोचं पोट आणि माझा करार, हे दोन एका तागडीत कुणी घातले? मी का? माझी नऊ वर्षं कुणी मोजायची? हे सगळं त्याच्या ओठांवर आलं होतं. मग डोरियनने फोन पुन्हा डोळ्यांजवळ नेऊन ते नाक बघितलं आणि रॉस्कोचा राग बसायला जागाच उरली नाही.

साडेबाराला तो वॉल्टच्या खोलीत शिरला. कागद खिशातून काढला आणि उभ्याउभ्याच सही केली.

"जुलैत मी काहीतरी करीन," वॉल्ट म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

"काही करू नका. तुम्हाला करता येत नाही, मला माहीत आहे. एकच करा. डोरियनचं नाव आज या अदलाबदलीत निघालं होतं, हे त्याला कधी कळता कामा नये. याचा शब्द द्या."

"दिला."

"हा तरी पाळा."

दुपारी बातमी आली, तेव्हा डोरियन दवाखान्यात होता. त्याने फोन केला नाही. आठवडाभराने एक ओळ पाठवली: "न सांगता गेलास."

टुसॉनमध्ये रॉस्को एकही सामना खेळला नाही. त्यांना त्याचा पगार वहीत हवा होता, माणूस नको होता. दहाव्या दिवशी त्यांनी त्याला मोकळं केलं. मोकळा झालेला खेळाडू कुठेही जाऊ शकतो, ज्या संघाने त्याला दिला तो सोडून. त्या हंगामात तिथे परत जायची बंदी. हाही नियम. आणि तो गुडघा बघून दुसऱ्या कुणी विचारलं नाही. म्हणून त्याने सेंट लुईसचे बाकीचे सामने आपल्याच शहरात, आपल्याच दिवाणखान्यात बसून पाहिले, गुडघ्यावर बर्फ ठेवून. एप्रिलच्या शेवटी फिचांना मुलगी झाली. हे त्याला टीव्हीवरच्या निवेदकाकडून कळलं. त्या रात्री तो शांत झोपला.

जुलैत वॉल्टचा फोन आला. किमान पगार, एक वर्ष. रॉस्को म्हणाला, विचार करतो. त्याच आठवड्यात मायकाच्या नव्या करारासाठी पुन्हा रेषेची ओढाताण झाली, आणि मापात बसतो म्हणून वॉल्टने डोरियनला सिॲटलला देऊन टाकलं.

निघायच्या आदल्या दिवशी डोरियन निरोप घ्यायला आला. एकटा नाही, छातीशी झोळीत मुलगी. पाच महिने बोलला नव्हता, त्यामुळे दारातच घुटमळला.

"ये की आत," रेनिटा म्हणाली. "परक्यासारखा काय उभा?"

"वहिनी, जेवायला थांबत नाही. केला सामान बांधतेय." तो बसला. मुलगी झोपेत ओठ हलवत होती. "म्हटलं, जाताना भेटावं. रागावून जाऊ नये माणसाने."

"रागावला होतास?" रॉस्कोने विचारलं.

"होतो. अजून आहे थोडा." डोरियनने त्याच्याकडे सरळ पाहिलं. "मला काल सकाळी फोन आला. सात मिनिटांत सगळं संपलं. मी म्हटलं, पोर अडीच महिन्यांची आहे, तिचे डॉक्टर इथे आहेत. तर म्हणे, नियम. तुझं तसं नव्हतं, रॉस्को. तुझ्या हातात होतं. तू नाही म्हणू शकत होतास. माझी बायको तिकडे पडून होती, मला तेव्हा तू शेजारी हवा होतास. आणि तू सही करून मोकळा झालास."

रेनिटाने हातातला पेला ओट्यावर आपटून ठेवला. "डोरियन, तुला माहीत नाही, त्या दिवशी सकाळी—"

"रेनिटा," रॉस्को म्हणाला.

ती थांबली. तिचे डोळे पाण्याने भरले आणि तिने तोंड खिडकीकडे फिरवलं.

"काय त्या दिवशी?" डोरियनने विचारलं.

"काही नाही," रॉस्को म्हणाला. "वॉल्टने केक आणला होता. बघू इकडे, दे तिला."

डोरियनने मुलगी झोळीतून काढून त्याच्या हातात दिली. ती जागी झाली नाही. रॉस्कोच्या एका तळहातावर तिचं डोकं आणि पाठ दोन्ही मावली.

"मला तो हक्क असता ना," डोरियन म्हणाला, "तर जीव गेला तरी सोडला नसता."

"बरोबर आहे तुझं," रॉस्को म्हणाला आणि तिचं नाक बघत राहिला.