जास्तीचा फेरा

स्वप्नालीने घराची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि हळूच म्हणाली, "काकू, ही तुमच्यापाशीच असू द्या. काकांकडे देऊ नका."

मला वाटलं, हे विसरभोळे, कुठेतरी ठेवून बसतील, म्हणून म्हणत असेल. स्वप्नाली आणि तिचा नवरा धनेश महिनाभर मायदेशी, नाशिकला जाणार होते. इथे बुकित तिमाहला त्यांच्या काँडोतल्या फ्लॅटमध्ये बाल्कनीभर कुंड्या आहेत. त्यांना पाणी घालायला मी आणि गोपीनाथ, म्हणजे आमचे हे, सेरंगूनच्या आमच्या घरून अधूनमधून येणार होतो. त्यासाठीच तर त्या रविवारी जेवायला बोलावणं होतं. हे बाहेर धनेशशी बोलत बसले होते, मी स्वयंपाकघरात कोशिंबिरीसाठी काकडी चोचवत होते. काकांकडे का नको, असं मी सहज विचारलं.

मग तिने सिंकखालचं कपाट उघडून दाखवलं. आत पाण्याच्या नळीखाली प्लास्टिकचा टब ठेवलेला, टबात जुनं फडकं, आणि पितळी नटाच्या कडेला पाण्याचा थेंब धरलेला. नळीचं ते कनेक्शन यांनीच मागच्या वर्षी बसवलं होतं. तेव्हा त्या घरात केवढं कौतुक झालं होतं, ते मला चांगलं आठवतं.

एकेक बाहेर यायला लागलं. आधी काही महिने सगळं ठीक होतं, मग गळायला लागलं. प्लंबर आला. तो म्हणाला, नट प्रमाणाबाहेर आवळलाय, आतली रिंग चेपलीय, नळी मानेशी दबलीय. त्याने तेवढी नळी कापून नवी रिंग घातली. मग हे एकदा चहाला आले, सिंकखाली डोकावले, आणि पुन्हा गळायला लागलं. प्लंबर पुन्हा आला आणि विचारू लागला की हे सारखं कोण आवळतंय. या दोघांनी सांगितलं, माहीत नाही. आमच्या ब्लॉकशेजारी अभय आणि उल्का राहतात, त्यांच्याकडेही तेच. हे येऊन गेले की दोन्ही घरांचे एकमेकांना फोन जातात, तुमच्याकडे काय आवळलं म्हणून.

"मग यांना सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"असं कसं सांगणार, काकू? रिटायर झाल्यापासून त्यांना तेवढाच विरंगुळा आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. विरंगुळा म्हणे. ज्या माणसाने हो म्हटल्याशिवाय जहाजाचं इंजिन सुरू होत नसे, त्या माणसाचा ही मंडळी विरंगुळा सांभाळत होती, लहान मुलाच्या हातात खुळखुळा द्यावा तसा. समोर "वा काका, छान झालं" आणि पाठ फिरली की टब. हसले असते तर मी एकवेळ सोडून दिलं असतं, पण ही तर कीव होती. माझ्या नवऱ्याची कीव करायचा अधिकार मी कुणाला दिलेला नाही.

आणि यांना काम येत नाही, असंही नाही. हे चीफ इंजिनियर होते. असलं कनेक्शन कसं करायचं, हे ऐकून ऐकून मलाही पाठ झालंय. नळी सरळ कापायची, कानशीने कडा साफ करायच्या, नट आणि पितळेची रिंग तिच्यावर चढवायची, नळी पार टेकेपर्यंत आत सारायची. नट आधी हाताने जाईल तेवढा आवळायचा. मग नटावर आणि फिटिंगवर मार्करने एक सरळ रेघ ओढायची. एका पान्याने फिटिंग धरून ठेवायचं, दुसऱ्याने नट फिरवायचा, आणि एक फेरा होऊन रेघ परत जुळली की थांबायचं. एवढ्यात रिंग नळीला घट्ट धरते. त्यापुढे पिळलं तर ती नळीचाच गळा आवळते. हे सगळं हेच दुसऱ्यांना शिकवतात.

खोड आहे ती हाताला. जहाजाचं इंजिन रात्रंदिवस थरथरत असतं आणि त्या थरथरीने नट सैल होत जातात. म्हणून चीफ फेरीला निघाला की पाना बरोबर घेतो आणि संशय आला तिथे आणखी थोडंसं आवळतो. हे आयुष्यभर केलं. आता घर काही थरथरत नाही, पण हात ते मानायला तयार नाही. कुणाच्या सिंकखाली वाकले की यांचं सुरू, "आणखी थोडंसं." आमच्या घरी मी पाना पिठाच्या डब्यामागे लपवते आणि हे सिंककडे निघाले की ओरडते. म्हणून आमची नळी शाबूत आहे. त्यांचं काही बिघडत नाही माझ्या ओरडण्याने, हसतात आणि परत फिरतात.

जेवणं उरकली आणि जी भीती होती तेच झालं. हे म्हणाले, "महिनाभर घर बंद राहणार, एकदा बघून घेतो." खिशात पाना होताच, हत्यारांची पिशवीही बरोबर आणली होती. हे सिंकखाली वाकले, टॉर्च लावला, चष्मा नाकावर ओढला. टब स्वप्नालीने केव्हाच लपवला होता. मी पदराला हात पुसत दारात उभी राहिले.

आतून आवाज आला, "रेघ जुळत नाहीये." मग जरा वेळाने, "नट रेघेच्या फार पुढे गेलाय. कोणी हात लावला याला?" हा यांचा इंजिनरूममधला आवाज होता. कित्येक वर्षांत मी तो ऐकला नव्हता.

ती रेघ धनेशनेच ओढली होती, हे मला नंतर कळलं. दुसऱ्यांदा प्लंबर येऊन गेल्यावर यांची पद्धत आठवून त्याने मार्कर घेतला होता, काका बघतील आणि आपणच समजतील म्हणून. बँकेत एवढा मोठा हुद्दा, पण तोंड उघडून एक वाक्य बोलायचं सोडून हा नटावर रेघ ओढत बसला. आणि त्यानंतर हे पुन्हा आले तेव्हा चष्म्याशिवाय वाकले, रेघ न बघताच नट आवळून मोकळे झाले.

"अगं, कोणी फिरवला हा नट?" यांनी स्वप्नालीला विचारलं. ती माझ्याकडे बघायला लागली. तिच्या डोळ्यांत विनवणी होती, आणि त्या विनवणीनेच मी जास्त चिडले.

"तुम्ही फिरवलात," मी म्हटलं. "मागच्या वेळी फिरवलात, त्याच्या आधी फिरवलात. दोनदा प्लंबर येऊन गेला. अभयकडेही हेच चाललंय. सगळ्यांना माहीत आहे, फक्त तुम्हाला नाही."

हे बाहेर आले आणि तिथेच फरशीवर बसले. टॉर्च चालूच होता. धनेशला विचारलं, हे खरं का. तो म्हणाला, खरं आहे काका. मला का नाही सांगितलंस, असं विचारल्यावर तो म्हणाला, तुम्हाला वाईट वाटलं असतं.

हे चिडतील असं मला वाटलं होतं, पण ते अगदी सावकाश बोलले. "जहाजावर नवीन पोरगा आला की मी त्याला पहिल्यांदा एकच सांगायचो. माझी चूक दिसली तर माझ्या तोंडावर सांग. नाही सांगितलंस तर पुढच्या बंदरात उतर. तिथे सगळे एकमेकांना सांगतात, धनेश. सांगत नाहीत ते फक्त प्रवाशाला. त्याला सगळं छान चाललंय म्हणतात आणि पांघरूण देतात. तुम्ही मला प्रवासी करून टाकलंत."

मग त्यांनी पाणी बंद केलं, नळी कापली, पिशवीतली नवी रिंग घातली. हाताने आवळून रेघ ओढली, दोन पाने लावले आणि रेघ जुळली तशी थांबले. हात तिथेच घुटमळला, हे मी बघितलं. मग पाणी सुरू करून कोरडा टिश्यू नटाभोवती फिरवला, तो कोरडाच निघाला. पाना त्यांनी ओट्यावर ठेवला आणि तो धनेशला ठेवून घ्यायला सांगितलं.

कुंड्यांना पाणी घालायला जायची वेळ आली तेव्हा मी चला म्हटलं, तर हे म्हणाले, "किल्ली तुला दिलीय ना." किल्लीवरून झालेलं बोलणं मी यांना सांगितलं नव्हतं, यांनी ते आपणच ओळखलं होतं. मी एकटीच गेले आणि स्वप्नालीच्या मोगऱ्याला पाणी घालताना तिच्यावर मनातल्या मनात तोंडसुख घेतलं.

घरी मात्र फोन वाजेना. आता तर सगळे जास्तच जपून वागायला लागले. खरं सांगायची वेळ आली तर काय सांगायचं, म्हणून यांना बोलवायचंच बंद केलं. आधी खोटं कौतुक आणि आता ही शांतता. मला कळेना की जास्त राग कशाचा करावा. हे पेपर उलटा-पालटा करत बसायचे. पिठाच्या डब्यामागचा दुसरा पाना मी काढून समोर ठेवला, त्याला यांनी हात लावला नाही.

शेवटी एका दुपारी उल्काचा फोन आला. मी रागातच उचलला आणि काय काम आहे ते विचारलं. तिने काकांना द्यायला सांगितलं. यांनी स्पीकर लावला. उल्का एका दमात बोलून गेली.

"काका, आमच्या बेसिनखालचं कनेक्शन गळतंय. तुम्हीच लावलेलं. तुम्ही ते जास्त आवळलंय."

हे उठून उभे राहिले. "नटाच्या मागून येतंय की पुढून?" यांनी विचारलं. ती म्हणाली, मागून, नळी आत जाते तिथून. "म्हणजे रिंग गेली. मुख्य नळ बंद कर. आलोच."

पाना उचलला, पिशवीत रिंगा आहेत का ते बघितलं, आणि बूट घालायला खाली बसले. चेहरा असा उजळला होता की मला पुन्हा राग आला, आता कशाचा ते माझं मलाच माहीत नाही.

"स्वतःचं काम बिघडलं म्हणून एवढं खूश होणारा माणूस मी बघितला नाही," मी म्हटलं.

"बिघडलं ते बिघडलंच," हे लेस बांधत म्हणाले. "पण तिने मला सांगितलं."