गॅरेजच्या जमिनीतला माणूस

गॅरेजचं शटर अर्धंच वर होतं आणि त्याखालून वाकून वाकून माणसं आत शिरत होती. बघायला काय, तर जमीन! शेजारचा पंक्चरवाला, समोरची शिवणकामवाली, शाळेतून परस्पर आलेली पोरं, सगळी कोंडाळं करून सिमेंटकडे टक लावून उभी होती. मधोमध एक भलामोठा काळपट डाग होता. डोकं, खांदे, पसरलेला एक हात. कुणी ‘माणूस’ म्हटलं की माणूस दिसायचा, आणि एकदा दिसला की दुसरं काही दिसायचंच नाही.

“डागावर तीनदा रंग दिला हो,” गॅरेजवाल्याचा धाकटा भाऊ येईल त्याला सांगत होता. “तीनदा! दर वेळी महिन्याभरात रंग सुटला आणि दादा वर आला.”

दादा म्हणजे या गॅरेजचा मेकॅनिक. सहा महिन्यांपूर्वी न्यूमोनियानं दवाखान्यात वारला. त्याच्यामागे गॅरेज त्याची बायको चालवत होती. अकरा वर्षं तिनं नवऱ्याच्या बरोबरीनं इंजिनं उघडली होती. गाडी नुसती चालू करा, बिघाड कुठे आहे ते ती कानानं सांगायची. आज मात्र ती मान खाली घालून भिंतीला टेकली होती. तिची थोरली बहीण, म्हणजे ताई, दाराशी उभी राहून हे सगळं बघत होती आणि तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती.

ताईचा धंदाच जमिनींचा. गेली वीस वर्षं गुडघ्यांना पट्टे बांधून ती कारखान्यांच्या फरशांवर रंगाचं जाड कोटिंग करत होती. “दोन दिवस राहायला ये गं,” एवढंच बहीण फोनवर म्हणाली होती. आल्यावर कळलं, की आज भुईबाबा नावाचे कुणी महाशय निकाल देणार आहेत. धाकट्या बहिणीनं गॅरेजात पाऊल ठेवायचं, की कायमचं माहेरी जायचं. नवरा गेला दवाखान्यातल्या खाटेवर, आणि उगवतो म्हणे गॅरेजच्या जमिनीत! पण हे विचारायची तिथे कुणाची टाप नव्हती.

“भूमी बोलते,” भुईबाबा डोळे मिटून म्हणाले. “आम्ही कोण? आम्ही फक्त कान देतो.”

त्यांनी खरोखरच जमिनीला कान लावला. “हं... हं... बरं,” असं फोनवर बोलल्यासारखं काहीतरी पुटपुटले. मग बोटाला थुंकी लावून दोन-चार ठिकाणी टेकवली. लोकांनी हात जोडले. ताईनं भुवया वर केल्या.

“आई, तुम्ही इथे या. शटरपाशी. हां, इथेच.” बाबांनी धाकटीच्या सासूबाईंना दंडाला धरून उभं केलं. “ओता.”

म्हातारीनं पेलाभर पाणी ओतलं. ते बघता बघता जमिनीत मुरलं.

“घेतलं! जन्मदात्रीच्या हातचं घेतलं!” बाबा ओरडले. “आता तू गं. इकडे नको, पुढे ये. त्याच्या छातीवर ओत.”

धाकटीनं डागावर पाणी ओतलं. पाणी आत शिरेचना. त्याचे टपोरे थेंब झाले, जागच्या जागी उभे राहिले, आणि काही सुटून बाजूला पळाले. शिवणकामवालीनं “अगं बाई!” म्हणून तोंडावर हात ठेवला.

“नाकारलं! त्याला ही इथे नको. कुलूप लावा, हिला माहेरी पोचवा. नाहीतर पुढचा डाग घरातल्या फरशीवर उमटेल.”

“वहिनी, आता तूच बघ,” दीर खाली मान घालून म्हणाला. “आम्ही तरी काय करणार?”

“थांबा!” ताई इतक्या जोरात ओरडली, की पोरं मागे सरकली. “ही परीक्षा मी रोज सकाळी घेते. कोटिंग मारण्याआधी. पाणी मुरलं तर जमीन साफ, थेंब उभे राहिले तर आत तेल आहे. एवढंच! नाहीतर माझ्या वीस वर्षांत निम्म्या कारखान्यांत भुतंच झोपली होती म्हणायची!”

कुणीतरी फिसकन हसलं. ताईनं पेला भरला आणि सासूबाईंच्या हातात दिला. “मावशी, जागा बदला. तुम्ही डागावर ओता. आणि तू गं, तू शटरपाशी.”

म्हातारीनं ओतलं. थेंब उभे. धाकटीनं ओतलं. पाणी गडप.

“म्हणजे आईचंही नको?” पंक्चरवाला गोंधळला.

“तुम्ही त्याला डिवचलंत!” बाबांचा आवाज चढला. “आता तो कुणाचंच घेणार नाही!”

“शटरपाशी घेतलं की आत्ताच! तुम्ही ओता ना बाबा. तुमच्यावर तर खूश असेल.”

“आम्ही मृतात्म्याची परीक्षा घेत नसतो.”

“मग मघाशी काय आंघोळ घालत होतात? आणि ते बोट? थुंकी कुठे मुरते आणि कुठे मुरत नाही, ते आधी बघून ठेवलंत. मग म्हातारीला कोरड्या सिमेंटवर उभं केलंत आणि माझ्या बहिणीला तेलावर! लाज वाटत नाही?”

भुईबाबांना एकाएकी दुसऱ्या गावची निकड आठवली. जाताना ते शटरला डोकं आपटून गेले, आणि या वेळी पोरं मोकळेपणानं हसली.

ताईला मात्र हसू आलं नाही. ती दिराकडे वळली. “रंगाचा डबा आण. मागे काय लिहिलंय? मोठ्यानं वाच.”

“‘रंग देण्यापूर्वी जमिनीवरील तेल व ग्रीस पूर्णपणे काढावे...’” त्याचा आवाज बारीक होत गेला. “डब्यावरचं कोण वाचतं, ताई?”

“कोण वाचतं? सिमेंट वरून दगडासारखं दिसतं, पण आत बारीक छिद्रं असतात. तुझा दादा पंधरा वर्षं याच जागी गाड्यांचं तेल काढायचा. ते खोल मुरलंय. त्यावर रंग धरत नाही, गरम टायर चढला की पापुद्रा निघतो. चार ओळी वाचायचा कंटाळा तुझा, आणि घर सोडायचं हिनं?”

दुसऱ्या दिवशी दोघी बहिणी गुडघ्यांवर बसल्या. सुटलेला रंग खरवडला, तेल काढणारं द्रावण ओतलं, ताठ ब्रशनं घासलं. काळा फेस निघाला. धुतलं, पुन्हा ओतलं, पुन्हा घासलं. दीर न सांगता गरम पाण्याच्या बादल्या आणत होता. तिसऱ्या दिवशी ताईनं मशीन लावून वरचा थर घासून काढला. डोकं गेलं, खांदे गेले, राहिली फिकट सावली. जमीन सुकल्यावर धाकटीनं तिथे पाणी ओतलं. सगळी गल्ली पुन्हा जमली होती. पाणी मुरलं.

“घेतलं गं! घेतलं त्यानं तुझ्या हातचं!” सासूबाई रडत सुनेच्या गळ्यात पडल्या. “आता रहा हो तू. त्याची परवानगी आहे.”

सगळ्यांचे चेहरे उजळले. गप्प बसली असती तर ताईचं काम फत्ते होतं. पण तिचा संताप पुन्हा उसळला.

“मावशी, त्यानं नाही घेतलं. सिमेंटनं घेतलं! आज पाणी मुरलं म्हणून तुम्ही हिला ठेवणार. उद्या एखादी गाडी गळली, नवा डाग पडला, की काढणार? अहो, डाग दिसला तर आधी विचारा, कशाचा आहे? कुठून आला? पाणी तुम्ही स्वतः ओतून बघा, आणि तेही दोन ठिकाणी! दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघत राहाल, तर दर वेळी घरातल्या एखाद्या बाईला बाहेर काढाल.”

म्हातारी पदरानं डोळे पुसत उभी राहिली. मग धाकटी पुढे झाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिची मान वर होती.

“आई, मला त्यांची परवानगी नको, आणि जमिनीचीही नको,” ती म्हणाली. “मी इथे राहणार, कारण मला हे काम येतं.”

मग ती दिराकडे वळली. “उद्या रंगाआधीचा प्रायमर मारायचा आहे. डबा घे, आणि आधी मागचं सगळं वाच.”