टेबल हातभर वाढलं

कालिंदीताई शिरगुप्प्यांच्या मिटिंगरूममधलं टेबल परवा पुन्हा हातभर वाढलं. टेबल कुठं वाढतं होय, असं इचलकरंजीत कुणी विचारलं नाही. पॉलिश तेच, चहाचे डाग तेच, मधे लाकूड तेवढं जास्त.

ते कशानं वाढतं हे ताईंना पक्कं ठाऊक होतं. कापड रंगवायच्या त्यांच्या मिलमध्ये प्रॉडक्शन भूपालअण्णा चौगुले बघायचे आणि विक्री सुधन्वा केळकर. दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. ताई मालकीण खऱ्या, पण भांडणाला भारी भ्यायच्या. एकेकाला केबिनमध्ये बोलवायच्या, दार लावून घ्यायच्या, चहा पाजायच्या आणि म्हणायच्या, "तुमचंच बरोबर आहे." गडी खूश होऊन जायचा. शेजारच्या खोलीत लाकूड करकरायचं.

सोमवारी सकाळी अण्णा आले. "ताई, बॉयलरचा व्हॉल्व्ह अडकतोय. आत्ताच्या आत्ता बंद करूया. माणसं आहेत तिथं."

"तुमचंच बरोबर आहे, अण्णा."

मग केळकर आले. "मॅडम, आज बॉयलर बंद झाला तर ऑर्डर गेली. आणि मीही चाललो."

"तुमचंच बरोबर आहे."

मिलचा रिवाज सासऱ्यांच्या वेळेपासूनचा: दोन्ही साहेबांचे हात वर झाल्याशिवाय बॉयलर थांबवायचा नाही. रिवाज मोडायचा तर एकाला तोंडावर दुखवावं लागणार, आणि ते ताईंना या जन्मात जमलं नव्हतं.

दुपारी त्या मिटिंगला आल्या तर टेबल दोन्ही भिंतींतून पार गेलेलं. एक टोक बॉयलरखान्यात. तिथं अण्णा हात वर करून बसलेले. दुसरं टोक फाटकाबाहेर. तिथं केळकर, हाताची घडी घालून. ताईंची खुर्ची मधोमध.

"केळकर, हात वर करा!"

"काय म्हणालात, मॅडम?"

आवाज पोचतच नव्हता. तेवढ्यात बॉयलर शिट्टी मारायला लागला. चपला टाकून ताई टेबलावर चढल्या आणि पळत सुटल्या. किती पळाल्या देव जाणे. तुम्ही चुकताय, तुम्ही चुकताय, एवढंच घोकत होत्या, शाळेत पाढे घोकायच्या तसं.

केळकरांसमोर दोन कप चहा ठेवलेला होता. ताई पोचल्या आणि त्यांच्या पाठीमागं केबिनचं दार लागल्याचा आवाज झाला.

"बोला मॅडम," केळकर म्हणाले. "माझं काय चुकलं?"

ताईंनी तोंड उघडलं. घाम गळ्यावरून ओघळत होता.

"तुमचंच बरोबर आहे," तोंड म्हणालं.

पायाखालचं लाकूड करकरलं. ताईंनी वळून पाहिलं. दार नव्हतंच. अण्णा पार तिकडं, नखाएवढे दिसत होते. पांढरी वाफ त्यांच्या छातीपर्यंत आली, मग गळ्यापर्यंत, मग डोक्यावरून गेली. वाफेतून हात तेवढा बाहेर होता, अजून वरच.