काठाखालचं लोखंड

ज्या वर्षी गुनवोरला मुलगा झाला आणि वादळामुळे त्याचा बाप्तिस्मा दोनदा पुढे ढकलावा लागला, त्याच वर्षी हावनेसच्या धक्क्याची तपासणी निघाली. गुनवोर ही एर्लिंगची लेक. नॉर्वेच्या पार उत्तर टोकाच्या त्या गावात बापलेक मिळून मासळीची वखार चालवत. धक्का बाद ठरला असता तर बोटी शेजारच्या खाडीत गेल्या असत्या, वखारीला कुलूप लागलं असतं आणि गुनवोर लेकराला घेऊन दक्षिणेला निघून गेली असती. उकडलेल्या कॉड माशासोबत बटाटा कुस्करता कुस्करता तिने हे बापाला सरळ सांगून टाकलं होतं. ताट सरकवून एर्लिंग धक्क्यावर गेला आणि काठाकडे बघत उभा राहिला.

त्या काठाचीच त्याला धास्ती होती. हिवाळ्यात लाटांचे तुषार धक्क्यावर उडत आणि पडल्या जागी गोठत. मासळी खारवून पिंपात उरलेलं मिठाचं पाणी त्या बर्फावर ओतायचं, ही गावची रीत. बर्फ वितळे, पाय घसरत नसे आणि पिंपही रिकामं होई. एर्लिंगच्या बापाने ओतलं, एर्लिंगने ओतलं, आता गुनवोर ओतत होती. मिठाने मासा टिकतो, मग काँक्रीटचं ते काय वाकडं करणार, असंच सगळे धरून चालले होते. यंदा मात्र काठाचे पोपडे सुटायला लागले.

धक्का बांधला होता एर्लिंगच्या मामाने, कोर्नेलिउसने. आता तो वृद्धाश्रमाच्या खिडकीशी बसून असे. बांधताना त्याने सळया इतक्या आत घेतल्या आणि वर काँक्रीटचा असा जाड थर दिला की गाव त्याला हसलं. कोर्नेलिउसच्या लोखंडाला थंडी वाजते, असं चारचौघांत म्हणत. तो आपले दर्यावरचे लोकरी हातमोजे पुढे करी. ते आधी दुप्पट मोठे विणायचे आणि खाऱ्या पाण्यात भिजवून, मळून आटवायचे, म्हणजे फळीसारखे जाड होतात. "पातळ मोजा घालून जा समुद्रावर," तो म्हणे, "आणि बोटं शाबूत राहिली तर माझ्याशी बोलायला ये."

तपासणीला सिल्ये नावाची तरुण इंजिनीयर आली. हातोडी घेऊन ती धक्का ठोकत चालली. आवाज खणखणीत येत होता. काठाशी पोचली आणि आवाज बद्द झाला. इथे काय ओतता, असं तिने एर्लिंगला विचारलं. त्याने खरं ते सांगितलं, बापापासूनचं. तेवढ्यात गुनवोर कॉफी घेऊन आली आणि दोघांचे चेहरे बघून थबकली.

"मयताची कॉफी इतक्यात नको," सिल्ये म्हणाली. "आधी आत बघू दे."

तिने यंत्राने काठातून मुसळासारखा एक तुकडा कापून काढला. त्यात सळईचाही काप आला. तुकडा मधोमध फोडून तिने त्यावर औषध फवारलं. मीठ पोचलेला भाग पांढरा पडतो, उरलेला तपकिरी होतो, आणि मीठ सळईला पोचलं की ती गंजते, असं तिने सांगितलं. पांढरा डाग वरून खाली उतरत गेला. एर्लिंग वाकून बघत होता. सळईच्या दोन बोटं अलीकडे डाग थांबला. सळईवर गंजाचा ठिपकाही नव्हता.

"पोपडे बर्फाने काढलेत," सिल्ये म्हणाली. "पाणी मुरतं, गोठतं, फुगतं. तेवढं खरवडून नवं घालू. लोखंड गंजलं असतं तर फुगून त्याने सगळा काठच फोडला असता. धक्का चालू राहील. पण मिठाचं पाणी आजपासून बंद. यापुढे वाळू टाका."

एर्लिंग मासळीच्या खोक्यावर बसला. गुनवोरने कप त्याच्या हातात दिला.

"बाबा, हात थरथरतोय तुमचा."

"थंडी आहे."

"हो, आणि कपाळावर घामही थंडीचाच." ती हसली आणि त्याच्या शेजारी टेकली. दक्षिणेचं नाव तिने पुन्हा काढलं नाही.

दुपारी तो मामाकडे गेला आणि झालं ते सगळं सांगितलं. म्हाताऱ्याने दोन बोटं जुळवून डोळ्यांसमोर धरली.

"इतकं उरलं? मला वाटलं, तुझ्या बापाने कधीच संपवलं असेल. आता गाव काय म्हणतं?"

"गाव वाळू चाळतंय, मामा."

"बरं. वॅफल आणलंस का?"

बाप्तिस्मा ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी झाला. वारा पडला होता. मामाला चाकांच्या खुर्चीत बसवून आणलं, तेव्हा धक्क्याला तीन बोटी लागलेल्या होत्या आणि काठावर नवं काँक्रीट, गोठू नये म्हणून, गोधडीखाली सुकत होतं.

कोर्नेलिउस त्याच वर्षी मे महिन्यात झोपेत वारला.