दीड तासाची वाट

मी फूटपट्टी बोलतेय. गोड बोलेन अशी आशा धरू नका.

जन्माने मी सागवानी. गोंदियाच्या शाळेत शालीकराम गुरुजींच्या टेबलावर बारा इंच ताठ पडून असायची. माझ्यामुळे रेघा कमी आणि पोरांच्या तळहातावर वळ जास्त उमटले. तरी मी कधी खोटं बोलले नव्हते. ते पाप गुरुजींनी घरी नेऊन माझ्याकडून करवून घेतलं.

बावन्न साली त्यांच्या सुलोचनाला जगदलपूरचं स्थळ आलं. मुलगा जंगलखात्यात कारकून. गुरुजींची बायको जमुनाबाई, तिनं साफ नाही म्हटलं. "बैलबंडीनं सकाळी निघून दिवे लागाच्या आंत पोचू, तेथंच पोरगी देतेत आपल्यात. तुमाले माहीत नाही काय?"

गुरुजींनी भिंतीवर नकाशा टांगला आणि मला त्यावर ठेवलं. "चार इंच! इंचाले पन्नास मैल. दोनशे मैल झाले. विमानानं दीड तास. कायले रडून राहिली?"

त्या घरातलं कोणी विमानात बसलेलं नव्हतं. लढाईच्या दिवसांत डोक्यावरून जाताना पाहिलं होतं, तेवढंच. पण आकडा सांगितला की माणसं गप्प बसतात. जमुनाबाई बसली. सुलोचनाला तर कोणी विचारलंच नाही.

अहो, मी सरळ मोजते! नद्या, घाट, जंगल सगळं माझ्या पोटाखाली दबून जातं. खालून जाणाऱ्याला रायपूरपर्यंत रेल्वे, पुढे मोटार. मैल तीनशेच्या घरात, आणि नाला भरला की मोटार जिथल्या तिथे उभी. हे मला कोणी विचारलं?

लग्न झालं. पहिल्या पोळ्याला भावानं बहिणीला आणायला जायचं. पावसानं रस्ता बंद, म्हणून तिचा भाऊ कवडू गेला नाही. दिवाळीत धान कापणीला आलं. "जाण्यायेण्यातच आठ दिवस, माय. धान कोण कापते?" दुसरा पोळाही तसाच गेला. मग सुलोचनाचं कार्ड आलं. "भाऊ केव्हा येतो?" एवढीच ओळ. गुरुजींनी ती मोठ्यानं वाचली आणि जेवायला बसले.

जमुनाबाईनं मला उचलून त्यांच्या ताटाशेजारी आपटलं. "मीच जातो पोरीले आणाले."

"मूल झाल्याबिगर लेकीच्या घरचं पाणी चालत नाही मायले. लोक काय म्हणतीन?"

"पाणी घरूनच नेतो. दीड तासाचीच वाट हाय ना? तुमी भात चढवा. मी आलोच."

फिरकीच्या झाकणाचा तांब्या भरला आणि बाई निघाली.

आज नववा दिवस. पाचव्या दिवशी रायपूरहून कोणाकडून तरी लिहवून घेतलेलं कार्ड आलं. पुढची मोटार बंद, धर्मशाळेत आहे. इकडे गुरुजी रोज भात करपवतात आणि पळी सापडली नाही की मलाच भांड्यात घालतात. माझं एक टोक काळं पडलंय, दोन इंच वाचता येत नाहीत. मला दुःख नाही. दोन इंच म्हणजे शंभर मैल, तेवढं तरी खोटं कमी झालं.

लेकींच्या बापांनो, लाकडाला अंतर विचारू नका. मी गोंदियाची वेससुद्धा ओलांडलेली नाही. ज्याला आणायला जावं लागणार, त्याला विचारा. जिला तिकडे राहायचं, तिला तर आधी विचारा.

काल शेजारचे केवळराम आले होते. त्यांच्या थोरलीला जगदलपूरकडचंच स्थळ सांगून आलंय. "गुरुजी, किती दूर पडते ते?"

मी चुलीजवळ पडले होते. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. उचललं नाही.

"आमची बाई येऊ दे," ते म्हणाले. "मंग सांगतो."